एका मापाच्या दोघी

आम्ही दोघी बहिणी जुळ्या, पण सारख्या नाही, असं मी साठीला टेकेपर्यंत छातीठोकपणे सांगत आले. कुणी विचारलं कशावरून, तर पुरावा तयार असे, आणि तो आमच्या माहेरच्या परसात उभा होता. गणपतीपुळ्याच्या वाटेवर आमचं गाव. तिथल्या घरातच आम्ही जन्मलो. मूल झाल्यावर मागून वार पडते, ती आमच्याकडे परसात पुरतात. आमच्या वेळी सुईणीने वडिलांना हाक मारून सांगितलं की एका खड्ड्यात भागायचं नाही, दोघींची वार वेगळी आहे, तेव्हा पोरीही वेगळ्या निघतील. वडिलांनी दोन खड्डे खणले आणि पावसाळ्यात हौसेने दोन्हींवर एकेक माड लावला.

त्यातला एक माड पुढे वादळात पडला. उरला तो कुणाचा, यावरून आमचं भांडण आहे. आई म्हणायची की गडग्याकडचा, म्हणजे दगडी कुंपणालगतचा, थोरलीचा, वडील म्हणायचे विहिरीकडचा थोरलीचा. पडला गडग्याकडचा. थोरली मी, म्हणून मी वडिलांची बाजू धरते आणि उभा माड माझा म्हणते. बहीण एरवी आईचं एक अक्षर ऐकत नसे, पण या बाबतीत तिला आईचा शब्द म्हणजे वेदवाक्य. आई गेली, वडील गेले, भांडण तेवढं शाबूत आहे. आणि खरं सांगायचं तर ते मिटावं असं दोघींनाही कधी वाटलं नाही.

आईला आम्ही सारख्या नाही याचा फार आनंद होता. सारख्या पोरी दिसल्या की लोक म्हणतात, कुठलीही द्या, आम्हाला चालेल. पोरी म्हणजे काय बाजारातली वांगी, असं ती म्हणायची. म्हणून तिने पहिल्यापासून आम्हाला वेगळं वाढवलं. मला एक वेणी, तिला दोन. मला हिरवं परकर-पोलकं, तर तिला कुठलंही पण हिरवं नाही. तिला अभ्यासाला बसवलं, मला मशीनवर. ती मास्तरीण झाली आणि चिपळूणला दिली. मी शिवणाचा क्लास केला आणि रत्नागिरीतच राहिले. लोक म्हणत, एक डोक्याची आणि एक हाताची. मला ते लागायचं, पण मी हसून घालवायचे. हाताची म्हणतात ते काही वाईट नाही. माझ्या हातच्या ब्लाऊजसाठी लग्नसराईत बायका दारात बसून राहतात.

बहिणीचे ब्लाऊजही मीच शिवते. चिपळूणहून कुणी इकडे यायचं असलं की तिच्याकडून पिशवी येते, त्यात ब्लाऊज पीस, अस्तर आणि वर सूचना. बाह्या कोपरापर्यंत ठेव, मागचा गळा फार खोल नको, या वयात शोभत नाही. माप कधी आलं नाही. लग्न झाल्यापासून मी तिचे ब्लाऊज माझ्याच मापावर बेतते आणि ते तिला बसतात, म्हणून मापाचा विषय कधी निघालाच नाही. बहिणीचं माप कुणी घेतं का, असंच मला वाटत आलं.

दोन वर्षांपूर्वी चिपळूणच्या बाजारपेठेत रस्ता ओलांडताना तिला उजवीकडून आलेली रिक्षा दिसली नाही. लागलं काही नाही, रिक्षावाल्याने चार शब्द सुनावले इतकंच. पण ती मास्तरीण, चार शब्द ऐकून घ्यायची सवय नाही. मला दिसलं कसं नाही, या एका प्रश्नावर ती अडून बसली आणि डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेली. काचबिंदू निघाला. उजव्या डोळ्याची निम्म्याहून जास्त नजर गेलेली होती आणि तिला पत्ताच नव्हता, कारण तो दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने खात येतो. गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. उरलेली थेंबांनी राखायची. आणि मग त्यांनी विचारलं की सख्खी भावंडं किती.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला. स्वतःच्या डोळ्याचं तिने दोन वाक्यांत आटपलं आणि मला म्हणाली की तू तपासून घे. डॉक्टर म्हणतात सख्ख्या बहिणीने तपासायलाच हवं, आणि जुळी अगदी सारखी असेल तर उद्याच. मी म्हटलं, सारखी कुठे आहोत, वार दोन होत्या. मग मी सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात ओवते वगैरे सांगितलं. लग्नसराई आहे, टेबलावर ढीग पडलाय, पाऊस लागला की जाईन. पाऊस लागला, मग गणपती आले, मग दिवाळीची शिवणं. आमच्या ह्यांनी एकदा सुचवून पाहिलं, पण मी मशीनचा आवाज वाढवला आणि ते बाहेर ओटीवर जाऊन बसले.

कारण कामाचं नव्हतं. मला भीती वाटत होती. शिवणकाम करणाऱ्या बाईचे डोळे गेले तर तिच्याकडे उरतं काय? बहीण डोक्याची, तिला डोळे मिटूनही चार गोष्टी सांगता येतील. मी काय करणार? तपासलं नाही तोवर डोळे चांगलेच आहेत, असा माझा हिशोब. आणि या भीतीवर मी त्या दोन माडांचं झाकण घालून ठेवलं होतं.

बहिणीची मुलगी माझ्याकडे राहून कॉलेज करते. मानसशास्त्र शिकते. आईच्याच वळणावर गेलेली आहे, म्हणजे तोंडाने गोड आणि मनात धरलेलं सोडणार नाही. गेल्या हिवाळ्यात तिला अभ्यासासाठी जुळी माणसं शोधायची होती. जुळी दोन तऱ्हेची, असं तिने मला भाजी निवडता निवडता सांगितलं. एकच बीज फुटून दोन झालेली ती एकबीज, आणि दोन निराळ्या बीजांची ती द्विबीज. ती म्हणजे एकाच वेळी आलेली साधी भावंडंच. खरी परीक्षा रक्ताची किंवा थुंकीची, पण एवढ्या सगळ्यांची ती कुठून करणार, म्हणून आधी प्रश्न विचारतात. प्रश्न साधे असतात, पण उत्तरांवरून बहुतेक वेळा बरोबर कळतं. मी म्हटलं, आमच्यावर कशाला वेळ घालवतेस, आमचं ठरलेलं आहे. ती म्हणाली, मावशी, ठरलेलं असेल तर मला सोपंच जाईल.

हा तिच्या अभ्यासाचा भाग होता की तिच्या आईने शिकवून पाठवलेला डाव, हे मी अजून विचारलेलं नाही. डाव असेल तर तो माझ्या भल्याचा होता, एवढं मला पुरतं.

बहीण त्या शनिवारी एसटीने आली. भाचीचा नियम असा की दोघींनी एकमेकींची उत्तरं ऐकायची नाहीत. म्हणून मला पुढच्या खोलीत मशीनपाशी बसवलं आणि बहिणीला स्वयंपाकघरात. भाची कधी इकडे, कधी तिकडे. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांत पातळ भिंत, त्यात आमच्या दोघींचे आवाज आईवर गेलेले, खणखणीत. सगळं ऐकू येत होतं. भाची मधूनच ओरडायची की हळू बोला.

पहिलाच प्रश्न होता, लहानपणी तुम्ही एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं इतक्या सारख्या दिसत होतात का. मी म्हटलं, मुळीच नाही. भिंतीपलीकडून तेच उत्तर आलं. आई कधी चुकायची का? कधीच नाही. वडील? ते पाठमोऱ्या बघून चुकायचे, पण ते समोरून बघूनही पुष्कळ गोष्टी चुकायचे. भाची लिहीत गेली. मला वाटलं, झालं, निकाल लागला. तेव्हा ती म्हणाली की आईवडिलांचं फारसं धरत नाहीत, घरच्यांना कुणीही ओळखू येतं. परके किती वेळा चुकले ते सांगा.

आता परके कधीतरी चुकायचेच. चिपळूणच्या स्टँडवर एकदा एक गृहस्थ माझ्या पाया पडले, मुलगा पास झाला बाई, म्हणाले आणि हातात पेढे दिले. पण त्यांचा चष्मा चांगलाच जाड होता, त्यामुळे ते मी मोजलं नव्हतं. पेढे खाल्ले. इकडे बहीण एकदा माझ्यासाठी बांगडे आणायला बाजारात गेली, तर मासेवालीने तिला धरलं की माझा ब्लाऊज कधी देणार. हिने सांगायचं ना की मी ती नव्हे. ही म्हणाली, शनिवारी ने. तो शनिवार माझ्या मानगुटीवर बसला. पण ते बाजारातल्या गर्दीत घडलं, तेही मी मोजलं नव्हतं. शाळेत एकीची छडी दुसरीने खाल्ली, त्या गुरुजींचं वय झालं होतं. मी एकेक प्रसंग सांगून वर त्याचं कारण देत होते आणि पलीकडून बहीण तेच प्रसंग, तीच कारणं देत होती.

भाचीने पेन खाली ठेवलं. "मावशी, किती माणसं चुकली ते सांग. का चुकली ते मला नको."

तशी मोजायला लागले, तर दोन्ही हातांची बोटं पुरेनात. आम्ही आयुष्यभर प्रत्येक चुकणाऱ्या माणसाला मोतीबिंदू बहाल करत आलो होतो.

पुढे केसांचं विचारलं. दोघींचे दाट आणि कपाळाशी कुरळे, दोघींना एकाच सुमारास पिकले. कानाची पाळी, दात कधी आले, रक्तगट. रक्तगट निराळा निघाला तर विषयच संपला, असं भाची म्हणाली. मला तो निराळाच यायला हवा होता. तो तोच निघाला. एकच रक्तगट लाखोंचा असतो, मी म्हटलं, आणि ती म्हणाली, बरोबर आहे, पुढचा प्रश्न. उंची आणि अंगाचा बांधा सारखा आहे का.

पलीकडून बहीण म्हणाली, ते तिलाच विचार, माझे ब्लाऊज ती शिवते. मग भाची माझ्याकडे आली. हा माझ्या धंद्यातला प्रश्न, मी जरा ताठ बसले. सांगितलं की तुझ्या आईचं माप मी जन्मात घेतलेलं नाही, माझ्याच अंगाचं धरते. भाचीने विचारलं की अगदी तेच, की कुठे थोडं कमीजास्त करतेस. मी म्हटलं, काही नाही करत. छाती तीच, कंबर तीच, मुंढा तोच, उजवा खांदा पाव इंच उतरता, तो सुद्धा...

बोलता बोलता माझा हात माझ्याच उजव्या खांद्यावर गेला.

माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा उतरता आहे. क्लासमध्ये बाईंनी दाखवला होता, तेव्हापासून मी माझा ब्लाऊज बेतताना त्या बाजूला पाव इंच कमी धरते, नाहीतर चुणी पडते. मशीनचं चाक सतत उजव्या हाताने फिरवून खांदा खाली आला, असं मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे आणि त्यात माझा थोडा तोराही होता. पण बहीण कुठे मशीनवर बसली? तिने हातात धरला तो खडू आणि तोही भिंतीवरच्या फळ्यावर वर हात करून. इतकी वर्षं मी तिच्या ब्लाऊजचा उजवा खांदा सवयीने उतरता कापत होते, आणि तिने एकदाही सांगितलं नाही की इथे ओढतं. गळा चढला, बाही फिरली, अशी प्रत्येक बाईची तक्रार असते. माझ्या बहिणीची नव्हती, आणि ती काही तक्रारीला लाजणारी बाई नव्हे.

बहीण नियम मोडून दारात येऊन उभी राहिली होती. हाताला पीठ. मी गळ्यातली टेप काढली आणि जन्मात पहिल्यांदा तिचं माप घेतलं. खांद्याच्या टोकापासून कमरेपर्यंत, डावा, मग उजवा. तोच उतार. मी पुन्हा घेतलं. मला टेप नीट दिसत होती, आणि उतार तोच होता.

भाचीने गुण मांडले आणि हलक्या आवाजात सांगितलं की या उत्तरांवरून तुम्ही एकबीज दिसता. खात्री रक्तानेच होईल, पण माझं मन सांगतं की होणार. मी शेवटचा पुरावा काढला, वार दोन होत्या त्याचं काय. तेव्हा ती म्हणाली की वार एक असती तर बहुतेक सारख्याच म्हणता आलं असतं. दोन असल्या तर काहीच सांगता येत नाही. बीज लवकर फुटलं तर एकबीज जुळ्यांनाही दोन होतात. सुईणीला तेव्हा हे कोण सांगणार होतं. मला तिचा राग आला नाही. कंदिलाच्या उजेडात तिने एकीमागून एक दोघींना सुखरूप आईच्या कुशीत दिलं, आणि मागची वार नीट तपासून पाहिली म्हणून आईही वाचली. तिची नजर चोख होती. अर्थ तेवढा चुकला.

बहिणीने पीठ पदराला पुसलं. डॉक्टर सारख्या जुळीबद्दल काय म्हणाले होते ते आम्हा दोघींना पाठ होतं.

"सोमवारी मी तुझ्यासंगती येतंय," ती म्हणाली. "चिपळूणला नाय जात तोवर."

सोमवारी आम्ही रत्नागिरीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळ्यांतला दाब मोजला, आत उजेड टाकून पाहिलं, मग एका खोक्यात तोंड घालायला लावून हातात बटण दिलं. आत बारीक दिवे चमकतात, दिसला की दाबायचं. मला वाटलं सगळे दिसले. डावा डोळा खरोखरच स्वच्छ निघाला. उजव्यात वरच्या एका कोपऱ्यातले दिवे मी दाबलेच नव्हते. ते लागले होते हेच मला माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे. आत्ता आलात हे फार बरं केलंत. थेंब नेमाने घातले आणि तपासायला येत राहिलात, तर तुमचं शिवण चालू राहायला हरकत नाही. मी त्यांना दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं. तिथे खुर्चीत बसून मी रडले. भीतीने रडायचं ते इतके महिने राहून गेलं होतं, आणि आता आलं ते सुटकेचं. बहीण शेजारी होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि डॉक्टरांना सांगितलं की ही लहानपणापासून अशीच, इंजेक्शन झाल्यावर रडते.

तपासणीच्या थेंबांनी माझे दोन्ही डोळे बाहुल्या मोठ्या होऊन दिपले होते. बाहेर उन्हात आलो तर मला सगळा रस्ताच पांढरा. बहिणीला उजवीकडचं दिसत नाही. तिने मला तिच्या उजव्या बाजूला घेतलं, दंड घट्ट धरला आणि म्हणाली की माझ्या या अंगाला कोण येतंय ते तू आवाजाने सांग, समोरचं मी बघते. दोघींत मिळून जेमतेम एक डोळा धड. तरी रस्ता ओलांडून रिक्षात बसलो. पुढच्या आरशात रिक्षावाल्याने आमच्याकडे एकदा पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, आणि विचारलं, जुळ्या काय हो? आधीच्या कुणाला मी दोन माडांची गोष्ट सांगितली असती. या वेळी नुसतं हो म्हटलं.

रिक्षात मला सारखं एकच वाटत होतं. तो आजार माझ्याही डोळ्यात होता, तिच्यात होता तसाच आणि त्याच बाजूला. फक्त तो तिच्याकडे आधी वाढला. जन्माला मी आधी आले म्हणून आयुष्यभर थोरलेपणा गाजवला, आणि ज्या वाटेवर अंधार होता तिथे ती माझ्या पुढे चालत गेली. तिला ठेच लागली म्हणून तिने मागे वळून मला हाक मारली, आणि मी दीड वर्ष ओ दिली नाही. तिने तरीही हाक मारणं सोडलं नाही. हे कसं बोलायचं ते मला कळेना. बोलण्याचं काम तिचं, माझं हाताचं. शेवटी जे द्यायला होतं ते मी दिलं.

म्हटलं, "विहिरीकडचा माड तुझा गो. आई म्हणायची तेच खरं."

ती बाहेर बघत होती. मग माझ्याकडे वळली, आणि नीट दिसावं म्हणून तिला मान पूर्ण फिरवावी लागली.

"माड तुलाच ऱ्हांदे," ती म्हणाली. "माझा डोळा फुकट नाय गेला, तेवढं बस झालं मला."

घरी आल्यावर डोळे निवळेपर्यंत मी पडून राहिले. संध्याकाळी उठले, तर तिने चिपळूणहून आणलेलं जांभळं ब्लाऊज पीस टेबलावर तसंच होतं. ती स्वयंपाकघरात भाचीला काहीतरी दटावत होती. मी दिवा लावला, कापड पसरलं, खडू घेतला आणि उजवा खांदा पाव इंच उतरता धरून खूण केली.